भाचीची प्लीहा काढायची का? (गोशे आजार) – अनुभव आणि सल्ला हवा आहे

रानजाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतेय आणि तोही असा.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी सहा वर्षांची आहे. ते लातूर जिल्ह्यात गावाकडे असतात. पोरीचं पोट लहानपणापासूनच मोठं. आधी जंतांची औषधं झाली, मग मलेरियाची, मग थॅलेसेमियाच्या तपासण्या. आमची आजी पोटावर हात फिरवून केव्हाच म्हणाली होती, "पाणथरी वाढलीय लेकराची." पाणथरी म्हणजेच प्लीहा. आता ती बेंबीच्याही खाली आलीय. हिमोग्लोबिन सातच्या आसपास, प्लेटलेट ४५-५० हजार. रात्री नाकातून रक्त येतं, सकाळी उशीचा अभ्रा बदलावा लागतो. वजन १४ किलो.

शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी रक्त एन्झाइमच्या तपासणीला पाठवलं. निदान गोशे आजार. जनुकाच्या रिपोर्टमध्ये एल४४४पी हा बदल, जनुकाच्या दोन्ही प्रतींत, असं लिहिलंय.

इकडचे सर्जन म्हणतात, प्लीहा काढून टाकू, रक्त वाढेल, पोर खेळायला लागेल. ऑपरेशन जन आरोग्य योजनेत बसेल, खिशातून काही जाणार नाही. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, अजिबात घाई करू नका, एन्झाइमचं औषध मिळतंय का बघा. त्या औषधाचा वर्षाचा आकडा ऐकल्यापासून दाजी कोणाशी बोलतच नाहीत. घरात मी एकटीच कॉलेजात गेलेली, त्यामुळे अक्का रोज मलाच विचारते, "मग काय करायचं?"

कोणाच्या मुलाचं असं ऑपरेशन झालंय का? पुढे काय झालं? खरं काय ते सांगा, धीर देणारं नको.

बाभूळबन

वाचतोय. इथे एक-दोन डॉक्टर आहेत, त्यांना निरोप टाकलाय.

तिसरीघंटा

माझ्या ओळखीत एक वैद्य आहेत, प्लीहेवर शरपुंखाचा काढा देतात. कावीळ, प्लीहा सगळ्याला गुण येतो. ऑपरेशनच्या भानगडीत पडण्याआधी एकदा करून बघायला काय हरकत आहे?

ओपीडीवाला

@तिसरीघंटा, हरकत आहे. प्लेटलेट ४५ हजार असलेल्या सहा वर्षांच्या मुलीला काय काय मिसळलंय ते माहीत नसलेला काढा देऊ नये. आणि हा आजार जन्मजात एन्झाइमच्या कमतरतेचा आहे, ती काढ्याने भरून येत नाही. हा विषय इथेच थांबवू या, धागा भरकटेल.

@रानजाईताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे, पण तुमच्या भाचीला तपासलेलं नाही. तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

प्लीहेतल्या मोठ्या भक्षक पेशी म्हाताऱ्या झालेल्या लाल पेशी गिळतात. त्या पेशींच्या आवरणात एक चरबीयुक्त पदार्थ असतो, ग्लुकोसेरेब्रोसाइड. तो मोडायला ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे एन्झाइम लागतं. गोशेच्या मुलांत ते पुरेसं नसतं, म्हणून पदार्थ पेशीतच साठतो आणि पेशी फुगते. अशा पेशींनी प्लीहा भरते, यकृत भरतं, हाडांतला मगज (बोन मॅरो) भरतो. फुगलेल्या प्लीहेत प्लेटलेट आणि लाल पेशी अडकतात, नष्ट होतात, म्हणून रक्त कमी.

निरोगी माणसाची प्लीहा वजनाच्या साधारण ०.२ टक्के धरतात. १४ किलोच्या मुलीची तीसेक ग्रॅम असायला हवी. बेंबीखाली आलेली प्लीहा त्याच्या कित्येक पट असते. म्हणून सर्जनना ती काढावीशी वाटते, आणि त्यांचं एक म्हणणं खरंही आहे: काढल्यावर प्लेटलेट झपाट्याने वाढतात, रक्त सुधारतं.

पण तुम्ही लातूरच्या, म्हणून तुमच्याकडचंच सांगतो. कारखान्याचं गाळप बंद पडलं की उसाच्या ट्रॉल्या यार्डात अडकतात. यार्ड बंद केल्याने ऊस यायचा थांबत नाही, ट्रॉल्या गावातल्या रस्त्यांवर उभ्या राहतात. प्लीहा काढली तरी तो पदार्थ रोज तयार होतोच. मग तो यकृतात, हाडांत, काहींच्या फुप्फुसात जास्त साठतो. प्लीहा काढलेल्या गोशेच्या रुग्णांत हाडं मरण्याचं, विशेषतः खुब्याचा सांधा खराब होण्याचं प्रमाण जास्त दिसतं. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढण्याचा धोकाही त्यांच्यातच जास्त.

१९९१ साली अमेरिकेत पहिलं एन्झाइम औषध मंजूर झालं, ते मानवी वारेपासून काढलेलं होतं. १९९४ पासून प्रयोगशाळेत पेशींमध्ये बनवलेलं आलं. त्याआधी डॉक्टरांच्या हातात प्लीहा काढण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. तुमच्या सर्जनना दोष देत नाही, त्यांच्या शिक्षणाच्या काळात पुस्तकात तेच होतं.

एक विचारायचं आहे. भाची बाजूला बघते तेव्हा डोळे फिरवते की मान?

रानजाई

डॉक्टर, हे तुम्ही कसं काय विचारलंत? ती मानच फिरवते. टीव्हीसमोर बसली आणि कोणी बाजूने हाक मारली की आधी डोळे मिटते आणि मानेला झटका देऊन वळते. आम्हाला वाटायचं लाडाची सवय आहे. शाळेत बाईंनी तिला "कोंबडीसारखी मान काय हलवतेस" म्हटलं होतं.

ओपीडीवाला

हे पुण्याच्या डॉक्टरांना आजच कळवा. शक्य असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवा. आडव्या दिशेने डोळे झटकन न वळणं हे गोशेच्या तिसऱ्या प्रकारात सगळ्यात आधी दिसणारं चिन्ह असतं. पहिल्या प्रकारात मेंदू वाचतो, दुसऱ्यात तान्हेपणीच मेंदूवर गंभीर परिणाम होतो, तिसरा या दोन्हींच्या मधला आणि सावकाश वाढणारा. एल४४४पी (नव्या मोजणीने एल४८३पी, रिपोर्टमध्ये दोन्हींपैकी काहीही सापडेल) दोन्ही प्रतींत असला की बहुतेक वेळा मज्जासंस्थेचा सहभाग असतो. भारतातल्या रुग्णांत हाच बदल सगळ्यात जास्त सापडतो. पक्कं ते डोळे आणि मेंदूची तपासणी करणारे डॉक्टर ठरवतील.

ऑपरेशनच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. उत्तर स्वीडनमधल्या नॉरबॉटन भागात याच जनुकीय बदलाची बरीच कुटुंबं आहेत. तिथल्या डॉक्टरांना असं दिसलं की लहानपणी प्लीहा काढलेल्या मुलांचा मेंदूचा आजार जास्त वेगाने वाढला. रुग्ण थोडे आहेत, वाद घालायला जागा आहे. पण तिसऱ्या प्रकाराची शंका असलेल्या मुलीची प्लीहा केवळ 'योजनेत बसते' म्हणून काढायला मी तरी सांगणार नाही.

जुनाखेळाडू

रानजाई, तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून लिहितोय. एरवी या विषयावर मी गप्प असतो.

मला पहिला प्रकार आहे. माझी प्लीहा लहानपणीच काढली, ऐंशीच्या दशकात. तेव्हा औषधच नव्हतं, त्यामुळे आईवडिलांनी केलं ते बरोबरच केलं. पहिली काही वर्षं सोन्यासारखी गेली. पोट सपाट झालं, शाळेचा शर्ट चड्डीत खोचता यायला लागला, कबड्डी खेळलो.

मग एके रात्री डावी मांडी धरली. त्या दुखण्याचं वर्णन मला अजून जमत नाही. पांघरुणाचा स्पर्श सहन व्हायचा नाही. सोबत ताप. आमच्या भागातल्या एका मोठ्या रुग्णालयात हाडात पू झाला म्हणून भूल देऊन हाड उघडलं. पू निघालाच नाही. तो गोशेचा हाडाचा झटका होता, हे कित्येक वर्षांनी मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. वारंवार झटके आले. आता दोन्ही खुबे कृत्रिम आहेत.

मोठेपणी एका धर्मादाय कार्यक्रमातून एन्झाइम मिळायला लागलं. झटके बंद झाले, यकृत लहान झालं. मेलेलं हाड मात्र परत येत नाही. पोरीला औषध मिळण्याची थोडी जरी शक्यता असेल तर आधी ती पूर्ण धुंडाळा.

आणि अंग तापून हाड दुखायला लागलं तर कोणालाही हाड उघडू देण्याआधी एमआरआय करायला सांगा, आजाराचं नाव सांगा.

स्लाइडवाली

मी पॅथॉलॉजीत आहे. एक तांत्रिक गोष्ट. नुसत्या मगजाच्या तपासणीत 'गोशे पेशी दिसल्या' एवढ्यावर निदान पक्कं समजू नये. तशाच दिसणाऱ्या पेशी थॅलेसेमियात आणि काही रक्ताच्या कर्करोगांतही सापडतात. निर्णय एन्झाइमच्या पातळीवर होतो. रानजाई, तुमच्याकडे एन्झाइम आणि जनुक दोन्ही आहेत, म्हणजे मगजाची सुई पुन्हा कोणी टोचायला निघालं तर कशासाठी ते विचारा.

मोठी प्लीहा म्हटलं की आपल्याकडे मलेरिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, यकृताच्या शिरेतली गुठळी यांचा विचार आधी होतो, आणि तो बरोबरच आहे. साठवणुकीचे आजार यादीत शेवटी येतात, तोवर मूल शाळेत जायला लागलेलं असतं. क्वचित असंही होतं की प्लीहा आधी निघते आणि आम्ही ती कापून बघतो तेव्हा निदान होतं. १८८२ साली फिलिप गोशे या फ्रेंच डॉक्टरने हा आजार पहिल्यांदा लिहिला तोही प्रचंड वाढलेल्या प्लीहेवरूनच, आणि त्याला ती गाठ वाटली होती.

शिवारफेरी

घरात जवळच्या नात्यात लग्न झालंय का? मामाच्या मुलाला मुलगी देणं बंद केलं पाहिजे आपल्याकडे. मग हे असले आजार होतात. लोक ऐकत नाहीत आणि मग भोगतं कोण, लेकरू.

रानजाई

हो, अक्का मामाच्या घरातच दिली आहे. लग्न ठरवताना तिला कोणी विचारलं नव्हतं. आता गावात येणारा-जाणारा हेच ऐकवून जातो, तुम्हीही ऐकवलंत.

ओपीडीवाला

@शिवारफेरी, नात्यातल्या लग्नात अशा आजारांची शक्यता वाढते हे खरं. पण नात्याबाहेरच्या जोडप्यांतही दोघं वाहक निघतात, गोशेची कितीतरी मुलं अशा घरांतली असतात. बिछान्याशेजारी बसलेल्या आईला हे ऐकवून पोरीची एक प्लेटलेट वाढत नाही.

रानजाईताई, यातलं उपयोगाचं एवढंच: आईवडील दोघंही वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारात एक. भाचीला भावंड असेल तर त्याची एन्झाइम तपासणी करा, पोट मोठं नसलं तरी. पुढच्या वेळी दहा-बारा आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन तपासता येतं. जनुकाचा रिपोर्ट हाताशी आहे, त्यामुळे ते सोपं जाईल.

रानजाई

धाकटा भाऊ आहे, तीन वर्षांचा. त्याची करून घेतो.

मोरपंखी_आई

माझ्या मुलाला गोशे नाही, नीमन-पिक बी आहे. एन्झाइम वेगळं, स्फिंगोमायलिनेज, पण प्लीहेची गोष्ट तीच. आम्हालाही एका ठिकाणी काढा म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी छातीचा सीटी केला तेव्हा कळलं की फुप्फुसातही साठवण आहे, आणि या आजारात प्लीहा काढल्यावर फुप्फुस आणखी बिघडतं. आम्ही नाही काढली. तो आता नववीत आहे, दोन मजले चढला की थांबतो, पण शाळा बुडत नाही. या आजारावर ओलिप्युडेज नावाचं औषध २०२२ मध्ये परदेशांत मंजूर झालं. आमच्यापर्यंत यायचंय.

प्लीहा मोठी असेपर्यंत जपायचं कसं ते सांगते. पोटावर मार बसेल असा खेळ नाही, मोटारसायकलवर टाकीवर बसवणं नाही. शाळेत लेखी दिलंय. पोटाच्या डाव्या बाजूला अचानक जोरात दुखलं, चेहरा पांढरा पडला तर थेट मोठ्या दवाखान्यात, कारण प्लीहा फुटू शकते. ताप-अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन घरात ठेवतच नाही, प्लेटलेट कमी असताना रक्त जास्त वाहतं.

बाभूळबन

भाबडा प्रश्न: अर्धी प्लीहा काढता येत नाही का?

ओपीडीवाला

येते, जगभर करून बघितली आहे. उद्देश हा की जंतूंशी लढायला थोडी प्लीहा राहावी आणि साठवणीलाही जागा राहावी. पण एन्झाइम न मिळाल्यास उरलेला तुकडा पुन्हा वाढतो, आणि एवढ्या मोठ्या प्लीहेचं अर्धं ऑपरेशन पूर्ण काढण्यापेक्षा अवघड. ज्यांचा हात बसलेला आहे अशांनीच करावं असं काम.

पूर्ण काढायची वेळ आजही येते, तेही सांगून टाकतो, नाहीतर इथला सूर एकांगी होईल. प्लीहा फुटली, रक्तस्राव आटोक्यात येत नाही, किंवा सगळे प्रयत्न करूनही औषध मिळत नाही आणि मूल रक्त चढवण्यावरच जगतंय, तेव्हा काढावी लागते. त्या पालकांनी अपराधी वाटून घेऊ नये.

मात्र नियोजित ऑपरेशन असेल तर किमान दोन आठवडे आधी लसी पूर्ण हव्यात: न्यूमोकॉकसची दोन्ही प्रकारची, हिब आणि मेनिंगोकॉकसची. पहिल्या दोन जंतूंवरची बाळलस सरकारी लसीकरणात आता आहे, पण भाचीच्या वयाच्या सगळ्या मुलांना न्यूमोकॉकसची मिळालेली नाही, कार्ड तपासा. मेनिंगोकॉकसची विकत घ्यावी लागते. प्लेटलेट कमी असल्याने बारीक सुई वापरून जागा काही मिनिटं दाबून धरायला सांगा. दरवर्षी फ्लूची.

त्यानंतर रोजचं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, वर्षानुवर्षं. प्लीहा नसलेल्या मुलाला ताप आला तर 'उद्या सकाळी बघू' चालत नाही. न्यूमोकॉकससारखा जंतू काही तासांत रक्तभर पसरतो, आणि अशा संसर्गात अगदी निम्म्यापर्यंत रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. पहिली दोन-तीन वर्षं धोका जास्त, पण तो जन्मभर संपत नाही. मलेरियाही जड जातो. कुत्रं चावलं तर रेबीजच्या लशीसोबत प्रतिजैविकही ताबडतोब लागतं, कारण कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू प्लीहा नसलेल्यांना घातक ठरतो. गावात, रात्री दहाला, गाडी नसताना ताप आला तर इंजेक्शन कोण देणार, याचं उत्तर ऑपरेशनच्या आधी हवं.

जुनाखेळाडू

याला माझ्याकडून दुजोरा. पाकिटात कार्ड असतं: 'प्लीहा काढलेली आहे, ताप = तातडी'. तरी एका कॅज्युअल्टीत मला रांगेत बसवलं होतं. बायकोने आवाज चढवला म्हणून पहिला डोस वेळेत मिळाला.

दप्तरदिरंगाई

औषधाच्या पैशांबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. माझ्या पुतण्यासाठी (आजार दुसरा, योजना तीच) हे सगळं केलंय.

केंद्राचं दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ चं आहे. गोशेचा पहिला आणि (मेंदूवर फारसा परिणाम नसेल तर) तिसरा प्रकार त्यात तिसऱ्या गटात येतो, म्हणजे उपचार आहे पण फार महाग आणि आयुष्यभर. मे २०२२ पासून प्रत्येक रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मंजूर होते. पैसे आपल्या हातात येत नाहीत, उत्कृष्टता केंद्र म्हणून नेमलेल्या रुग्णालयामार्फत येतात. महाराष्ट्रातलं केंद्र म्हणजे परळचं केईएम. नाव तिथे नोंदवावं लागतं, पुण्याच्या किंवा लातूरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध येत नाही.

५० लाख ऐकायला मोठे वाटतात. डोस बघा: नेहमीचा ६० युनिट दर किलोला, दर दोन आठवड्यांनी शिरेतून. १४ किलोला एका वेळेस ८४० युनिट, आणि मूल वाढतं तसा डोस वाढतो. धोरणाच्या कागदातच लिहिलंय की १० किलोच्या मुलाचा वर्षाचा खर्च काही आजारांत १० लाखांपासून एक कोटीच्या वर जातो. म्हणजे मदत संपते आणि मूल शाळेतच असतं. याच मुद्द्यावर पालक दिल्ली उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं लढतायत. माझं स्पष्ट मत: आयुष्यभराच्या आजाराला एकदाच देऊन संपणारी रक्कम ही थट्टा आहे. ऑपरेशन फुकट आणि औषध आवाक्याबाहेर असं असलं की गरिबाची प्लीहा निघणारच.

तरीही अर्ज करा. सोबतीने लायसोसोमल स्टोरेज डिसऑर्डर्स सपोर्ट सोसायटी या पालकांच्या संस्थेशी बोला. कंपन्यांचे मोफत औषधाचे कार्यक्रम असतात, जागा कमी असतात, पण नाव असल्याशिवाय नंबर लागत नाही.

रानजाई

औषध मिळालं तर प्लीहा खरंच लहान होते का? आणि मान फिरवण्याचं?

ओपीडीवाला

प्लीहा होते. नियमित औषधावर पहिल्या वर्षात साधारण ३० ते ५० टक्क्यांनी कमी झाल्याचं मोठ्या नोंदींत दिसतं. पुढे आणखी थोडी उतरते, बहुतेकदा अगदी नेहमीएवढी होत नाही. हिमोग्लोबिन सहा महिने ते वर्षात सुधारतं, प्लेटलेट सावकाश. नाकातलं रक्त थांबेल, वजन-उंची धरेल.

डोळ्यांचं आणि मेंदूचं मात्र नाही. हे औषध रक्तातून मेंदूत शिरत नाही. गोळीच्या रूपातली औषधं मोठ्यांसाठी निघाली आहेत, पण मेंदूच्या आजारावर ती उत्तर ठरलेली नाहीत. पोट, रक्त आणि हाडं सांभाळायची आणि मेंदूवर लक्ष ठेवायचं, एवढं आज हातात आहे. तिसऱ्या प्रकाराची काही मुलं औषधावर शिकून मोठी झाली आहेत, काहींना फिट्स येतात, काही मागे पडतात. तुमची कुठल्या बाजूला जाईल हे मी सांगू शकत नाही.

रानजाई

सगळ्यांचे आभार. दाजींना जुनाखेळाडूंचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते पहिल्यांदा बोलले, "मग ऑपरेशनची तारीख नको म्हणून कळव." सर्जनना फोन केला. ते चिडले नाहीत, उलट म्हणाले मुंबईचं मत येऊ दे, तोवर रक्त लागलं तर इथे चढवू. पुण्याच्या डॉक्टरांना व्हिडिओ पाठवलाय, त्यांनी केईएमसाठी पत्र दिलंय. पुढच्या आठवड्यात लातूर एक्स्प्रेसने निघतोय. सोबत काय काय न्यायचं?

दप्तरदिरंगाई

एन्झाइम आणि जनुकाचे मूळ रिपोर्ट आणि तीन-तीन झेरॉक्स. आधार तिघांचं, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला असेल तर तोही. आजवर रक्त चढवल्याच्या नोंदी. सोनोग्राफीची सीडी, नुसता कागद नको. सकाळी लवकर पोचा, ओपीडीचा केसपेपर काढण्यातच वेळ जातो.

स्लाइडवाली

मगजाची तपासणी झाली असेल तर लॅबमधून स्लाइड मागून घ्या, देतात.

ओपीडीवाला

लसीकरण कार्ड. दोन्ही मांड्यांचे एक्स-रे झाले असतील तर ते. आणि धाकट्यालाही घेऊन जा, त्याचं रक्त त्याच फेरीत जाईल.

मोरपंखी_आई

गाडीत वरचा बर्थ नको, खालचा घ्या. आणि पोहोचल्यावर फोन करायचा असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, आम्ही ठाण्यात असतो.